करंड्याचा मध्य

सुई मोडली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मालोजी सकपाळ नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत असे, आणि ते त्याला पटतही असे, कारण समोर वाद घालायला कोणी नसे. तेहेतीस सालातला पौष महिना होता. महाडच्या बाजारपेठेत रस्त्याकडच्या चार फळ्या काढल्या की त्याचं दुकान आणि दुकानाचं मागचं दार ढकललं की त्याचं घर. दुकानात अगदी मधोमध, देव बसवावा तशी, लोखंडी चक्कर बसवलेली होती. चक्कर म्हणजे भाकरीच्या तव्याएवढी जाडजूड थाळी. बाजूची दांडी गरगर फिरवली की थाळी मात्र हळूहळू, तिला स्वतःला काही घाई नसल्यासारखी फिरत असे. थाळीच्या कडेवर तीनशे साठ खुणा कोरलेल्या. वर एक बारीक पातं टांगलेलं, पायाखालची फळी हलवली की ते भणभणायला लागे. थाळीवर लाकडाची डबी आवळायची, पात्याने झाकणावर एक खाच घ्यायची, दांडी फिरवून पंधरा खुणा पुढे जायचं, दुसरी खाच घ्यायची. असं करत फेरा पुरा झाला की झाकणावर चोवीस पाकळ्यांचं कमळ उमलतं. त्याला अट एकच. डबीचा मध्य आणि थाळीचा मध्य एकावर एक बसले पाहिजेत. ते केसभर जरी चुकले तरी कमळाच्या एका बाजूच्या पाकळ्या बाळसेदार होतात आणि दुसऱ्या बाजूच्या नुकत्या तापातून उठल्यासारख्या. मालोजीची कमळं गेली तीन वर्षं तापातून उठत होती. महाडच्या लोकांनी ती मुंबईची फॅशन म्हणून आनंदाने स्वीकारली होती. पोळपाटावरसुद्धा त्याने एकदा कमळ काढून पाहिलं. त्या घरच्या सणाच्या पोळ्यांवर एका अंगाला कललेलं फूल उठू लागलं, आणि त्या घरच्या म्हातारीने ते शुभ आहे असं ठरवून टाकल्यामुळे तोही पोळपाट परत आला नाही.

मध्य साधायची रीत तशी सोपी होती, निदान पाहणाऱ्याला. लाकडाच्या ठोकळ्यात एक सुई आडवी खोचायची आणि तिचं टोक डबीच्या कडेला लागेल-न-लागेल असं ठेवायचं. थाळी फिरवायची. डबी मधोमध नसेल तर फिरताना कुठे सुईच्या जवळ येते, कुठे लांब जाते. लांब गेली तिथे थांबून, पलीकडच्या अंगाने हातोडीने सुईच्या दिशेने हलकेच सारायची. मालोजी तसं सारत असे, ठक ठक ठक, आणि मग फिरवून पाहिलं की डबी आता बरोबर उलट बाजूला तेवढीच लांब गेलेली असे. पुन्हा ठक ठक ठक, पुन्हा इकडे. दुपारपर्यंत हा खेळ चाले. कधीमधी, विशेषतः एकादशीच्या उपासाने हात गळून गेलेले असले म्हणजे, ठोके हलके बसत आणि डबी जरा बरी बसे; त्यावरून मालोजीने कलेचा आणि उपासाचा संबंध जोडला होता आणि महिन्यातून दोनाच्या जागी चार उपास सुरू केले होते. त्या दिवशी मात्र उपास नव्हता. ठोका जोरात बसला, डबी सुईवर चालून गेली आणि सुई मोडली. राहीबाई, त्याची बायको, परसात वाल सोलत बसली होती. तिला हाक मारायची म्हणजे सुई का मोडली ते सांगायचं आलं. म्हणून तो स्वतःच आत गेला, कोनाड्यातली तिची फणेरपेटी, फण्या-कुंकवाची लाकडी पेटी, उघडली, आणि दोऱ्याच्या रिळाशेजारी, मेणाच्या डबीशेजारी, त्याला तो करंडा दिसला.

शिसवी होता, मुठीत मावेल एवढा. काळ्याभोर लाकडात एका बाजूला पांढुरकी रेघ. झाकणावर चोवीस पाकळ्यांचं कमळ. मालोजी सुई विसरला. करंडा घेऊन तो उजेडात आला, कंपास घेतला, त्याचा एक पाय झाकणाच्या कडेला आणि दुसरा पाकळीच्या टोकाला लावला आणि एकेक पाकळी मोजत गेला. पहिली, दुसरी, सातवी, बारावी. कंपासाचे पाय पुढेमागे करावे लागले नाहीत. विसाव्या पाकळीशी त्याला आशा वाटली, पण तो उजेडाचा दोष निघाला. चोवीसच्या चोवीस सारख्या होत्या. त्याने कंपास मिटला आणि जे वाटत होतं त्याला नाव शोधू लागला. दुसऱ्याची म्हैस जास्त दूध देते हे ऐकून होतं तसलं ते नव्हतं. मुंबईहून सुटीवर येणारा माणूस घराजवळ पोचतो आणि अंगणात अनोळखी चपला दिसतात, तसलं ते होतं. बायकोच्या फणेरपेटीत दुसऱ्या कोणाचा मध्य होता.

आणि कोणाचा ते विचारायचीही गरज नव्हती. महाडपासून पोलादपूरच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत असं कमळ काढणारा माणूस एकच होता. येसाजी. बिल्ला नंबर एकशे चौदा. हा नंबर मालोजीच्या डोक्यात असा आला की त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही म्हणून, जणू डोक्यात आलेलं रस्त्यावर ऐकू जातं. कारण सगळं महाड ज्याला मुंबईच्या रेल्वे कारखान्यातला मिस्त्री म्हणून ओळखत होतं तो मालोजी त्या कारखान्यात मिस्त्री कधीच नव्हता. तो बावीस वर्षं खिडकीवर होता. हत्यारांच्या कोठीला एक खिडकी होती. कारागीर यायचे, पितळी बिल्ला टाकायचे, हत्यार घेऊन जायचे. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. कोणतं हत्यार कुठल्या खणात, कुठल्या नंबरचं, कोणाच्या हाती बोथट होऊन येतं हे मालोजीला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. ते काय काम करतं हे मात्र त्याने कधी पाहिलेलं नव्हतं, कारण हत्यारं खिडकीतून जात आणि तो खिडकीतून जाऊ शकत नसे. त्या चौकोनातून त्याला कारखान्याचा एकच कोपरा दिसे, आणि त्या कोपऱ्यात ही चक्कर होती, आणि चक्करीवर येसाजी होता. पण पाठमोरा. बावीस वर्षं मालोजीने येसाजीची पाठ पाहिली. डावा खांदा जरा उतरता, सदऱ्यावर घामाचा डाग, पावसाळ्यात डागाचा आकार वेगळा. पाठीच्या पलीकडे हात काय करत ते दिसत नसे. नुसतं ऐकू येई, ठक ठक ठक. तीन ठोके. मग शांतता, मग पात्याची भणभण. साहेब लोक त्या पाठीमागे उभे राहून माना डोलवत. खिडकीमागे उभं राहून मान डोलवायला कोणी कधी आलं नाही.

कपातीत दोघेही एकाच वर्षी घरी आले. चक्करही मोडीत निघाली, चार दात झिजले म्हणून. आणि मोडीतला माल कोणी उचलायचा यात पहिला मान कोठीवाल्याचा असल्यामुळे ती मालोजीला मिळाली. येसाजीने ती मागितली होती असं त्याला मागाहून कळलं. त्या बातमीने त्याला पहिले सहा महिने फार बरं वाटत होतं. महाडला बोटीने, मग गाडीने चक्कर आणली तेव्हा सोनबा शिंप्याने विचारलं, मिस्त्री, यावर काय करता. आणि मालोजीने खालच्या आवाजात, खऱ्या कारागिराला शोभेल अशा कंटाळ्याने, बघशील असं सांगितलं होतं. खोटं असं तो एकही बोलला नव्हता. लोक मिस्त्री म्हणाले, तो ओ म्हणाला.

दुपारच्या जेवणाला त्याने सहज विचारल्यासारखं करून, हा करंडा कुठला म्हणून राहीबाईला विचारलं. ती म्हणाली, वाडीवरनं आणला, आणि त्याच्या पानात भात वाढला. वाडी म्हणजे तिचं माहेर, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. येसाजीही त्याच वाडीचा. भाऊबीजेला ती चार दिवस गेली होती. एका वाडीचे म्हणजे तो तिचा गावभाऊ. भावाने बहिणीला ओवाळणीत करंडा दिला तर त्यात वावगं काही नाही, उलट रीतीला धरून आहे. मालोजी भात कालवत हे सगळं तपासून पाहत होता आणि प्रत्येक गोष्ट रीतीला धरूनच निघत होती. त्याला नीट संशयसुद्धा घेता येईना. दुसऱ्या एखाद्या माणसाने एखादी चिठ्ठी, एखादा गजरा, निदान एखादी कुजबुज तरी ठेवली असती. येसाजीने मागे काही ठेवलं नव्हतं, चोवीस सारख्या पाकळ्या सोडून. आणि रोज सकाळी अंघोळ करून राहीबाई त्या पाकळ्यांवर बोट टेकवत होती, झाकण उघडत होती, कुंकू लावून झाकण मिटत होती. भाऊबीजेपासून आज दोन महिने झाले. मालोजीने दिलेला करंडा कुठे गेला? त्याला आठवलं की त्याने तिला करंडा दिलाच नव्हता. पहिला चांगला होईल तो तिला द्यायचा असं त्याने ठरवलं होतं, आणि पहिला चांगला अजून व्हायचा होता. बिघडलेले तो चुलीमागच्या जळणात टाकत असे. तिने कधी विचारलं नाही. ती विचारत नसे ही तिची रीत त्याला आतापर्यंत फार सोयीची वाटत होती. आज प्रथमच ती रीत त्याला झाकणासारखी दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे घेऊन सावित्री नदीवर गेली तशी मालोजीने पांढरा ड्रिलचा कोट चढवला, करंडा कोटाच्या खिशात टाकला आणि चवदार तळ्याच्या कडेने चालत सर्व्हिस मोटारीच्या थांब्यावर गेला. आपण कशासाठी चाललो आहोत हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. भांडायला म्हणावं तर भांडणाचं कारण तोंडाने उच्चारण्यासारखं नव्हतं. माझ्या बायकोला करंडा का दिलास, असं विचारलं असतं तर अख्खी वाडी हसली असती. तो बरोबर मधोमध का आहे, असं विचारलं असतं तर ती आणखी हसली असती. मोटार खडबडत निघाली. शेजारी एक म्हातारी कोंबडीचं डालगं मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तिने मालोजीच्या कोटाकडे पाहिलं, डालगं जरा पलीकडे ओढलं आणि पुढे सबंध वाटभर ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मालोजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो येसाजीच्या हातांचा विचार करत होता. डाव्या हाताचं मधलं बोट पेरातून तुटलेलं, हे त्याला ठाऊक होतं, कारण बिल्ला टाकताना ते दिसे. बाकी सगळं अंदाजाने. पाठीवरून हात कसे असतील याचा अंदाज बांधत त्याने बावीस वर्षं काढली होती, आणि ते हात आता करंड्याच्या रूपाने त्याच्या घरात येऊन कोनाड्यात बसले होते. एक गोष्ट मात्र त्याला या वाटेवर कळली आणि ती फारशी आवडली नाही. येसाजीने राहीबाईला पितळेचा करंडा दिला असता, चांदीचा दिला असता, तर तो एक दिवस फुगून बसला असता आणि विसरला असता. लाकडी दिला, तोही वाकडा दिला असता, तर त्याने तो आनंदाने चारचौघांना दाखवला असता.

वाडी रस्त्यापासून वर चढणीला होती. येसाजीच्या पडवीत गावचा कुशाबा नांगराची दुरुस्ती होईपर्यंत तंबाखू मळत बसला होता. येसाजी बाहेर आला आणि मालोजीच्या कोटाकडे पाहून जागच्या जागी थांबला.

“दाजी, रगत कसलं?”

मालोजीने खाली पाहिलं. खिशापासून खाली वीतभर कोट लालभडक झाला होता. करंड्याचं झाकण वाटेत निसटलं होतं. कुंकू आहे, असं त्याने सांगितलं, आणि सांगताक्षणी त्याच्या लक्षात आलं की हे रक्तापेक्षा समजावून सांगायला कठीण आहे. कुशाबाने तंबाखू मळायची थांबवली. बायकोचा करंडा खिशात घालून पुरुषमाणूस सोयऱ्याच्या दारात येतो, याचा एकच, बायकोवरच्या संशयाचा, अर्थ होऊ शकत होता आणि तो कुशाबा मनात जुळवत होता. येसाजीने ते ओळखलं असावं. तो कुशाबाला म्हणाला, “ह्ये आमच्या राहीतायचे मालक. मुंबयला आमच्या खात्यात मोठे मिस्त्री व्हते. चक्करीवरचं काम यांच्यामुळं चालायचं.” त्यात खोटं काही नव्हतं; हत्यारं दिल्याशिवाय काम कसं चालणार. पण तो ते अशा सहजपणे म्हणाला की मालोजीला कानशिलात बसल्यासारखं झालं. याने खिडकीचं उघड केलं असतं तर परवडलं असतं. यालाच कारागिरी यावी, यालाच साहेबांनी माना डोलवाव्यात, आणि वर मोठं मनही यालाच असावं, म्हणजे एका माणसाने किती घ्यावं.

कुशाबा नांगर खांद्यावर टाकून गेला. मग येसाजीने पहिली चौकशी केली ती चक्करीची. बरी हाय ना आपली चक्कर, असं त्याने विचारलं, सासरी दिलेल्या मुलीचं विचारावं तसं. नव्वद खुणांच्या पुढे जरा अडते, तिथे जोर करू नका, थांबून घ्या, मग आपणहून सुटते, म्हणाला. मालोजी गेली तीन वर्षं तिथे शिव्या देत होता. त्याचं लक्ष येसाजीच्या मागे गेलं. पडवीच्या टोकाला एक लाकडी चक्कर होती, सागाची, घरी केलेली. थाळीच्या कडेला तीनशे साठ खुणांच्या जागी बारीक खिळे ठोकलेले. लोखंडी चक्कर नाही मिळाली म्हणून या माणसाने लाकडी करून घेतली होती, आणि तिच्यावर हा करंडा केला होता. मालोजीने करंडा काढून त्याच्यापुढे धरला. तो एवढंच म्हणाला, “हा मधोमध कसा बसवलास?”

येसाजीने करंडा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. नवरा तावातावाने चढण चढून आला, ते हे विचारायला, हे त्याला पटायला वेळ लागला. मग तो खाली बसला, थाळीवर एक लाकडाचा तुकडा ठेवला, सुई लावली. मालोजी त्याच्या समोर बसला. बावीस वर्षांत प्रथमच पाठीच्या या बाजूला. तुटक्या बोटाचा हात लाकडावर कुठलीही घाई नसलेला, चक्करीसारखाच. येसाजीने थाळी फिरवली, लांबची जागा पाहिली, ठक, ठक, आणि हातोडी खाली ठेवली. ती फळीवर टेकली त्याचा आवाज झाला. ठक.

तिसरा ठोका. मालोजीला वाटलं, आपण हसू. हसू आलं नाही. बावीस वर्षं त्याने ऐकलेला तिसरा ठोका लाकडावरचा नव्हताच. काम झालं म्हणून येसाजी हातोडी ठेवत होता. आणि तीन वर्षं मालोजी, एखादा मंत्र चुकू नये म्हणून जपावा तसा, तिसरा ठोका न विसरता लाकडावर घालत होता. येसाजी सांगतच होता, सुई जेवढी लांब दिसते ना दाजी, लाकूड तेवढं चुकलेलं नसतंय, चूक त्याच्या निम्मी. इकडनं जेवढं सरकतं तेवढं तिकडनं भरून येतं, म्हणून दिसतं त्याच्या निम्मंच सारायचं आणि गप बसायचं. मालोजी मान हलवत होता. त्याला सगळं कळत होतं आणि काहीही नको होतं.

“पण करंडा माझा नाय,” येसाजी म्हणाला. “तुमचाच हाय तो.”

मग त्याने सांगितलं. भाऊबीजेला राहीताई आली ती पदरात हा करंडा बांधून. जळणातून काढला म्हणाली. एका अंगाचं फूल जाड, एका अंगाचं बारीक. नीट करून दे म्हणाली. झाकणाला जाडी होती म्हणून जुनं फूल उतरवून नवं घेता आलं, बाहेरचं अंगही सारखं केलं. आतून कोरायला हत्यार उचललं तर तिने हात धरला. “म्हनली, आत नको हात लावूस. आतलं त्यांचं हाय तसंच ऱ्हाऊ दे.” येसाजीने करंडा परत त्याच्या हातात दिला. मालोजीने उरलंसुरलं कुंकू धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आत बोट घातलं. एक भिंत जाड लागली, समोरची पातळ. ते वाकडेपण त्याच्या बोटाने तत्काळ ओळखलं. पांढरी रेघही आता आठवली. गेल्या पावसाळ्यातला, उपास नसलेल्या दिवसाचा. कोणाही नवऱ्याने यावर विरघळून जावं, आणि मालोजीचंही काहीतरी विरघळत होतं, पण त्याच्या मागोमाग दुसरं काही चढत होतं, आणि ते जास्त वेगाने. म्हणजे तिला ठाऊक होतं. त्याची कमळं मुंबईची फॅशन नाहीत, ती चुकलेली आहेत, हे तिला ठाऊक होतं. आणि ते घेऊन ती याच्याकडे आली. या पडवीत बसून या दोघांनी त्याचा वाकडेपणा हातात धरून उलटासुलटा करून पाहिला, हे ठेवू, हे उतरवू, असं ठरवलं. दोघांमध्ये एक गुपित होतं आणि ते गुपित म्हणजे मालोजी. मोटारीत बसून परत येताना तो हाच एक विचार फिरवून फिरवून पाहत होता, आणि कुठूनही पाहिलं तरी तो सुईला सारखाच लागत होता. त्यांनी प्रेमाबिमाच्या गोष्टी केल्या असत्या तर त्यात त्याला निदान जागा नसती. इथे जागा होती, तीच सगळ्यात वाईट होती.

दुपार कलली होती. राहीबाई दारातच उभी होती. कपाळावर कुंकू होतं, पण घरचं नव्हतं. शेजारच्या रखमाचं होतं, रखमाचं जरा शेंदरी असे. सकाळी फणेरपेटीत करंडा नाही हे पाहून ती कुणाच्या दारी गेली असेल, काय सांगितलं असेल, हे त्याला त्या शेंदरी ठिपक्यात सगळं दिसलं. तिने त्याच्या कोटाकडे पाहिलं आणि कोट काढा, भिजत घालते, एवढंच म्हणाली. आपण येसाजीकडे गेलो होतो, असं त्याने सांगितलं. तिला ते माहीत होतं. मोटारवाल्याने सोनबाला सांगितलं होतं, सोनबाने रखमाला. महाडात त्याच्याआधी सगळं पोचत असे, त्याची कीर्तीसुद्धा तशीच पोचली होती. तो दुकानाच्या उंबऱ्यावर बसला. जे विचारायचं होतं ते सरळ विचारता येईना, म्हणून त्याने येसाजीवर ढकललं.

“खिडकीचं त्यानं सांगितलं तुला?”

“त्यो कशाला सांगंल?” राहीबाई कोट उलटा करून खिसे झटकत होती. “पयल्या शिमग्याला आलात घरी, तवाच कळलं. मिस्त्र्याचे हात असे नसतात.”

मालोजीने आपल्या हातांकडे पाहिलं. बावीस शिमगे, बावीस गणपती. दर खेपेला तो मुंबईच्या गोष्टी सांगत आला, मी असं घडवलं, मी तसं बसवलं, आणि ती भाकऱ्या थापत हूं हूं करत आली, आणि दर खेपेला हे हात तिच्या अंगावर होते आणि ते तिला खरं काय ते सांगत होते. लाज वाटायला हवी होती. ती येईल तेव्हा येईल, सध्या त्याला भलतंच सुचलं. मिस्त्र्याचे हात कसे असतात हे हिला काय ठाऊक?

ते त्याने विचारलंही. माझ्या बाचे व्हते, ती म्हणाली, नांगर घरीच घडवायचा. पुन्हा रीतीला धरून निघालं.

“मग बोलली नाहीस ती?”

“तुमी कुठं बोललात?”

ती कोट पाण्यात घालायला गेली. मालोजी उठला, थाळीवर शिसवीची एक कोरी डबी ठेवली, ठोकळ्यात नवी सुई खोचली. एकट्याने दांडी फिरवायची, वाकून फट पाहायची, परत सरळ होऊन हातोडी घ्यायची, यात फट किती होती तेच विसरायला होत असे. त्याने हाक मारली. राहीबाई ओले हात पदराला पुसत आली. दांडी फिरव, तो म्हणाला. ती बसली. तिने दांडी फिरवली, सावकाश, एका लयीत, आणि थाळी पाव फेरा गेली की थांबून सुईकडे पाहू लागली. जवळ, म्हणाली. मग बेताची. मग लांब. नव्वद खुणांच्या पुढे चक्कर अडली तिथे तिने जोर केला नाही. जरा थांबली, चक्कर आपणहून सुटली. डबी लांब गेली तिथे मालोजीने पलीकडून ठोका घातला, दिसत होतं त्याच्या निम्मा. आणखी एक, अगदी हलका. हातोडी फळीवर ठेवली. फिरव. थाळी पुरा फेरा गेली आणि सुईचं टोक आणि लाकूड यांच्यातली फट, सुताएवढी, कुठेही कमी झाली नाही, कुठेही वाढली नाही. तीन वर्षांत प्रथमच डबी मधोमध बसली होती. तीही उपास नसलेल्या दिवशी.

त्याला आनंद झाला, आणि तो पुरता वर येण्याआधीच त्याची नजर दांडीवरच्या तिच्या हाताकडे गेली. हात फार सराईत होता. पाव फेऱ्याला थांबायचं हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. अडली की जोर करायचा नाही, हेही नव्हतं.

“दांडी कुठं शिकलीस?”

“येसाजीभावाकडं. त्याची अस्तुरी शेतावर गेलीवती. त्यो ठोकायचा, मी फिरवायची.”

“किती वेळ?”

“करंडा व्हईस्तवर.”

“किती फेरे?”

“फेरे कोन मोजतंय?” राहीबाई म्हणाली.

मालोजीने डबीकडे पाहिलं. आता डबी धरणाऱ्या चाव्या नुसत्या आवळायच्या आणि पातं खाली घ्यायचं एवढंच उरलं होतं. रस्त्यावरून सोनबा जाता जाता डोकावला, मिस्त्री, काय चाललंय म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे गेला. मालोजीने हातोडी उचलली आणि डबीच्या कडेवर एक चांगला ठणठणीत ठोका घातला. डबी सुईपासून बोटभर लांब गेली.

“चुकलं,” तो म्हणाला. “परत फिरव.”

राहीबाईने एकदा सुईकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पदर कमरेला खोचून ती चक्करीपाशी नीट मांडी घालून बसली आणि दांडीला हात घातला.

“आता मोजत्ये,” ती म्हणाली. “एक.”